उचललेल्या लाद्या

किशोरने जनाला काम सांगितलं, पण बंगला कुठला ते सांगितलं नाही.

तो संध्याकाळी मोटारसायकल घेऊन ठाकूरवाडीत आला, तेव्हा जना अंगणात पेंढ्याचे भारे रचत होती. "उद्यापासून फोडकाम हाय," तो म्हणाला. "जुनी फरशी काढायची, नवीन टाइल बसवायची. मलबा उचलायला बाई पायजे. येशील ना?"

"येते की."

काम सांगून किशोर लगेच निघाला नाही. पाणी मागून प्यायला, जनाच्या सासूची चौकशी केली आणि मग उगाच अंगणात उभा राहिला. जनाला वाटलं, ह्याला अजून काही बोलायचं असेल. पण तो काही न बोलता गेला.

किशोर कुंभिवलीचा. तो आणि जनाचा नवरा कमळ्या वर्षानुवर्षं जोडीने लादीकाम करत. कर्जतपासून खालापूरपर्यंत नदीकाठाला आणि डोंगराच्या पायथ्याला जे बंगले उठले, त्यांतल्या कितीतरी घरांच्या फरश्या या दोघांनी घातलेल्या. जना त्यांच्या हाताखाली माल कालवायची, घमेली वाहायची आणि लाद्या बसल्या की त्यांच्यामधल्या दरजा भरायची. कमळ्या जाऊन आता तीन पावसाळे झाले होते. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी होत्या. वाडीतल्या घरात जना आणि तिची सासू, बुधी म्हातारी, अशा दोघीच राहत. काम असलं की किशोर जनाला आठवणीने बोलवायचा.

सकाळी टेंपो फाट्यावरून निघाला आणि नदीकडच्या रस्त्याला वळला. जनाने एकदा किशोरकडे पाहिलं. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, मान वळवत नव्हता. टेंपो फाटकातून आत गेला आणि समोर तीन बाजूंनी पडवी असलेला तो बंगला दिसला, तेव्हा जनाला त्याचं कालचं उभं राहणं कळलं.

ही पडवी कमळ्याने घातली होती. हिरवट कोटा दगड, एकेक लादी उन्हात धरून रंग बघून निवडलेली. त्याचं शेवटचं मोठं काम हेच. तेव्हा पावसाळा होता, बाहेर कापाकापी करता येईना, म्हणून कमळ्या मागच्या खोलीत बसून कटर चालवायचा. कटरवर पाणी सोडलं की पेन्सिलीची खूण पुसते, करंट लागायची भीती असते, म्हणून सगळे कोरडंच कापायचे, तसा तोही. खोलीतून बाहेर यायचा तेव्हा पापण्यांपर्यंत पांढरा झालेला असायचा. "गिरणीतनं आल्यागत दिसतोस," म्हणून जना हसायची. तोही हसायचा, आणि हसता हसता खोकायचा.

पुढच्या वर्षी खोकला थांबेना. आधी टीबी म्हणून गोळ्या दिल्या. त्याने त्या सगळ्या नेमाने घेतल्या, पण फरक पडला नाही. मग मोठ्या दवाखान्यात फोटो काढला आणि तिथल्या डॉक्टरने सांगितलं, छातीत दगडाची धूळ बसलीय, ती आता निघायची नाही. धट्टाकट्टा माणूस ओहोळापासून घरापर्यंतचा चढ चढेनासा झाला. शेवटी शेवटी त्याला आडवंही होता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच तो गेला.

"तुला नको असंल तर परत जा," किशोर आता जवळ येऊन म्हणाला. "मी दुसरी बाई बघतो. काल सांगनार होतो, पन तोंड झालं नाय."

जना पडवीकडे बघत होती. "काम ते काम," ती म्हणाली आणि घमेलं उचललं.

किशोरबरोबर जगदीश नावाचा एक गडी होता. त्याने फोडायचं मशीन चालू केलं आणि पायरीजवळच्या लादीवर टेकवलं. पहिल्या धक्क्याला दगड तडकला, दुसऱ्याला त्याचे तुकडे झाले. जना तुकडे घमेल्यात भरून मागच्या खड्ड्यात टाकू लागली. एक ओळ फुटली. दुसऱ्या ओळीतली कडेची लादी मात्र न फुटता सगळीच्या सगळी सुटून वर आली आणि उलटी पडली.

जना तिथेच थांबली. लादीच्या पाठीला सिमेंट चिकटून होतं आणि त्यावर रेघा होत्या, तिरप्या, एकसारख्या अंतराने. लादी ठेवायच्या आधी कमळ्या खालच्या मालावर थापीच्या टोकाने अशा रेघा ओढायचा. किशोर सरळ ओढायचा. कमळ्या तिरप्या ओढायचा, शेवटी हाताला किंचित वळण द्यायचा. वरून सिमेंटचं पाणी ओतून लादी दाबली की त्या रेघांचा ठसा तिच्या पाठीला बसायचा आणि कुणालाही न दिसता कायमचा जमिनीत जायचा. जनाने खाली बसून त्यावरून बोटं फिरवली.

"जगदीश, मशीन थांबव," ती म्हणाली.

मशीनच्या आवाजात जगदीशला ऐकू गेलं नाही. ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आगं बाजूला हो! तुकडा लागंल!"

"थांबव म्हंते ना."

किशोर धावत आला. जनाने त्याला लादी दाखवली. त्याला सांगायची गरज पडली नाही. त्याने ओणवं होऊन पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"फोडू नको," जना म्हणाली. "उचल. सगळ्या उचल. मी घरी नेते."

"जना, उचलायला येळ लागतो गं. मंगळवारी टाइलीची गाडी यायची हाय. आनि मालकिनीला विचारल्याबिगर कसं न्यायचं?"

"मी विचारते."

बंगला नव्याने घेतलेल्या बाईंचं नाव भाग्यश्री. पनवेलहून आल्या होत्या आणि इथे पाहुण्यांना उतरायला खोल्या करणार होत्या. त्या आतल्या खोलीत सुताराशी बोलत होत्या. जना दारात उभी राहिली. पायांना धूळ होती म्हणून आत गेली नाही.

"मॅडम, पडवीतल्या लाद्या मी नेऊ का? फुटक्या नाय, सबंध. आमी काढून घेतो."

"न्या की. त्या तशाही खड्ड्यातच जाणार आहेत." बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "घरी घालणार?"

"हां. माझ्या मालकानं घातल्यात त्या. त्यांना जाऊन तीन पावसाळे झाले."

सुताराने हातातली पट्टी खाली ठेवली. भाग्यश्रीबाई बाहेर पडवीत आल्या, फुटलेल्या ओळीकडे आणि अजून शाबूत असलेल्या फरशीकडे बघत राहिल्या. "मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मग ही राहू दे का अशीच? फुटलेली ओळ तेवढी नवीन करू."

जनाने मान हलवली. "तुमचं घर हाय, तुमच्या मनासारखं करा. आज ऱ्हाईल, उद्या दुसरा कोन फोडंल. आमाला नेऊ द्या."

"घेऊन जा," बाई म्हणाल्या. "गाडीवाल्याला मी सांगते, चार दिवस उशिरा आला तरी चालेल."

उचलायचं काम किशोरने स्वतः हातात घेतलं. आधी कटरने दरजा मोकळ्या करायच्या, मग कडेने पहारीचं टोक घालून लादी हलकेच सोडवायची. त्याने पहिल्या दरजेवर कटर टेकवला आणि पडवीत पांढरा लोट उठला. जना चार पावलं मागे सरली. मग पुढे झाली आणि तिने वायरची पिन भिंतीतून उपसून काढली.

"काय केलंस गं?"

"पानी घे."

"आगं एवढ्याशा दरजेला कसलं पानी? सगळा चिखलाचा राडा हुईल."

"नंदाचा बा पन हेच बोलायचा," जना म्हणाली. नंदा ही तिची थोरली मुलगी. जनाने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. "एवढ्याशा लादीला काय होतंय, एवढ्याशा दरजेला काय होतंय. छाती फुटंस्तोवर बोलत होता. पानी घे, नायतर राहू दे. मला लाद्या नको."

किशोर पिन उचलायला वाकला. पण तेवढ्यात त्याला खोकला आला, दोनदा, तीनदा, आणि तो वळून पायरीवर जाऊन थुंकला.

"कधीपासनं हाय?" जनाने विचारलं.

"तंबाखूचा हाय."

"त्यानंबी तंबाखूवरच घातला व्हता. फोटो काढलास का छातीचा?"

"कशाला काढायचा? काय निघालं तर मग काय करायचं?" तो एकदम चिडून म्हणाला. नंतर आवाज खाली आणून म्हणाला, "कमळ्या न् मी एकाच खोलीत बसून कापायचो, जना. ते काय मला ठावं नाय?"

जगदीश खाली बघत उभा होता. बागेला पाणी घालायची नळी फाटकाजवळ होती. जना ती ओढत घेऊन आली. किशोरने वायरचं जमिनीवरचं जोडकाम उचलून सुक्या जागी टांगलं, हातात रबरी मोजे घातले, नाकाला गमछा बांधला. जना नळीचं तोंड बोटाने दाबून बारीक धार ब्लेडवर धरून बसली. राखाडी चिखल पायांवरून वाहत होता, पण हवेत काही उडत नव्हतं. असं करत त्यांनी पडवी उचलली. सगळ्याच लाद्या वाचल्या नाहीत. काहींचे कोपरे गेले, काही मधोमध दुभंगल्या. बाकीच्या टेंपोत पेंढा घालून उभ्या रचल्या.

वाडीपर्यंत मोठी गाडी जात नाही. ओहोळापाशी टेंपो थांबला आणि वाडीतली माणसं खाली आली. एका लादीला दोन माणसं लागत होती. चढ चढून त्यांनी सगळ्या लाद्या जनाच्या अंगणात आणल्या आणि कुडाला टेकवून ठेवल्या. बुधी म्हातारी दारात बसली होती. तिच्या डोळ्यांत सारा पडलेला, उजेड-सावलीपलीकडे फारसं दिसत नसे.

"काय आनलंय गं?" तिने विचारलं.

"लाद्या हायत, आये. नंदाच्या बानं घातलेल्या. नदीकडच्या बंगल्यातल्या. आता आपल्या घरात घालू."

म्हातारी उठून उभी राहिली. "ह्या दगडानं माझा पोर खाल्ला," ती म्हणाली. "त्यो घरात आनतेस?"

किशोरने मान खाली घातली.

"आये, त्याच्या हातची..."

"त्याच्या हातची म्हंजे काय? त्याच्या छातीत व्हता ना ह्योच दगड? डॉक्टर बोलला ना तुला? माझ्या घरात मी शेनानं सारवीन. मी मेले का मंग घाल काय घालायचं ते."

ती आत गेली आणि चुलीपाशी जाऊन बसली. माणसं एकेक करून निघून गेली. जनाला वाईट वाटलं, पण म्हातारीचा राग तिला खोटा म्हणता येईना. तिला लाद्यांवर नवऱ्याचा हात दिसत होता. म्हातारीला त्याच दगडात लेकाचं मरण दिसत होतं. दोन्ही खरंच होतं.

थंडीभर लाद्या कुडाला टेकून राहिल्या. कोंबड्या त्यांच्या आडोशाला बसू लागल्या. जना कामावर जायची, यायची. लाद्यांचा विषय दोघींनीही काढला नाही.

शिमग्याच्या आधी एका दुपारी जना घरीच होती. तिने एक लादी आडवी केली आणि छिन्नी-हातोडीने पाठीचं सिमेंट काढायला सुरुवात केली. जुना माल निघाल्याशिवाय लादी पुन्हा बसत नाही, खाली-वर होते. घालायची परवानगी मिळाली नव्हती, तरी हाताला काहीतरी करावंसं वाटत होतं. ठोक्यांचा आवाज ऐकून बुधी बाहेर आली.

"झाली का सुरुवात?"

"नुसती साफ करते, आये."

"मला नको ती ठोकाठोक."

जनाने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आये, जरा हात दे हिकडं."

म्हातारीने हात दिला नाही. जनाने तो धरून जवळ आणला आणि दुसऱ्या एका लादीच्या पाठीवर ठेवला. "ह्या रेघा लागतात का बोटाला? थापीनं वढलेल्या. शेवटाला वळून गेल्यात बघ. किशोर अशा वढत नाय, दुसरा कोनच वढत नाय."

बुधीची बोटं आधी ताठ होती. मग ती हळूहळू हलली, एका रेघेवरून शेवटपर्यंत गेली, परत आली, दुसरीवर गेली. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी चाचपू लागली.

"ह्या त्यानं वढल्यात?"

"हां."

"वरनं दिसत नाय ना ह्या?"

"नाय. खालीच जातात."

म्हातारीचा हात तिथेच राहिला. तिचे ओठ हलत होते. "मंग तू ह्याच खरवडून टाकतेस व्हय?" ती शेवटी म्हणाली.

हेच जनालाही हातोडी धरल्यापासून टोचत होतं. "खरवडल्याबिगर बसत नाय, आये. त्यो सोता असता तरी त्यानंबी खरवडलंच असतं."

ती दुपार बुधी त्या लादीजवळच बसून होती. जेवायलाही उठली नाही. ऊन कलल्यावर तिने जनाला हाक मारली. जनाला वाटलं, आता म्हणेल, ह्या उचलून ओहोळात टाक.

"कळशी आन पान्याची," म्हातारी म्हणाली. "आनि तांब्या."

जनाने कळशी आणून ठेवली. बुधीने तांब्या भरला आणि रेघांवर पाणी सोडलं. "ठोक आता," ती म्हणाली. "मी पानी घालते. धूळ उडू देऊ नको. तुझ्या छातीत जाईल."

जना ठोकू लागली. म्हातारी अंदाजाने पाणी ओतत होती, कधी दगडावर पडायचं, कधी जनाच्या हातावर. सिमेंटचे कपचे सुटले की ती ते पाण्याबरोबर तळव्याने बाजूला सारायची. रडत नव्हती. पुढच्या दिवसांत जना कामावरून आली की दोघी अंगणात बसायच्या, एक ठोकायची आणि एक पाणी घालायची.

पाठी साफ झाल्यावर जनाने किशोरला निरोप धाडला. तो सुट्टीच्या दिवशी आला, दोरी आणि लेव्हल घेऊन. आल्या आल्या त्याने पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "फोटो काढला छातीचा."

जना हात पुसत पुढे आली.

"थोडं दिसतंय म्हनला डॉक्टर. तुझ्या मानसाएवढं नाय. धुळीत गेलास तर वाढंल म्हनला. लांब राहिलास तर असंच राहील, कदाचित."

"मग?"

"मग काय. कापायचं काम आता पान्याबिगर करत नाय. आत खोलीत तर नायच. दोन कामं सोडली त्याच्यापायी." तो दोरी सोडवू लागला. "कळलं ते बरं झालं. रोज उठून वाटायचं, हाय का नाय. आता हाय एवढं ठावं झालं."

बुधी आतून म्हणाली, "बस रं बाबा. आधी च्या पी."

दोरी किशोरने लावून दिली, पण लाद्या जनाने बसवल्या. जमीन पाणी मारून, धुम्मसने ठोकून घेतली होती. तिने माल पसरला, सारखा केला आणि थापीने त्यावर रेघा ओढल्या. तिच्या रेघा कमळ्यासारख्या वळत नव्हत्या आणि तिने तसा प्रयत्नही केला नाही. सिमेंटचं पाणी ओतून लादी ठेवायची, रबरी हातोड्याने कडेकडेने ठोकायची आणि कान देऊन ऐकायचं. एक लादी पोकळ वाजली. किशोर काही बोलायच्या आतच तिने ती उचलली आणि खाली माल भरला.

चुलीच्या कोपऱ्यापर्यंत लाद्या पुरल्या नाहीत. किशोर म्हणाला, दुसऱ्या कामावरचे उरलेले तुकडे आणून देतो. पण बुधीने नको सांगितलं. "येवढी माती राहू दे मला. मी कुठं बसू?"

दरजा भरताना जनाने सिमेंट घट्ट कालवलं, बोटाने दाबून दाबून भरलं आणि ओल्या फडक्याने लाद्यांची तोंडं पुसून घेतली. फरशी आवळून पक्की होईपर्यंत दोघी शेजारच्या घरी जेवल्या आणि आपल्या अंगणात झोपल्या. जना सकाळ-संध्याकाळ आत जाऊन फरशीवर पाणी शिंपडून यायची. मग एका सकाळी तिने म्हातारीचा हात धरून तिला आत नेलं. बुधीने उंबऱ्यातच पायाने चाचपून बघितलं, चार पावलं टाकली आणि खाली बसली.

"गार हाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने ती तिथेच कुशीवर झाली, हात डोक्याखाली घेऊन, आणि दुपारपर्यंत झोपली. जना दारात बसून तांदूळ निवडत राहिली.

बुधी त्यानंतर दोन वर्षं होती. होळीला, दिवाळीला, नंदा पोराला घेऊन माहेरी आली की, म्हातारी शेणकाला करून चुलीचा आपला कोपरा सारवायची. तिला कड दिसायची नाही. हात फिरवत फिरवत ती मातीवरून दगडावर यायची आणि पहिल्या दोन लाद्याही तितक्याच मन लावून सारवून टाकायची. जनाने तिला कधी अडवलं नाही. शेण वाळायची वाट बघायची आणि म्हातारी बाहेर गेली की फडकं ओलं करून लाद्या पुसून घ्यायची.